फटी

दारामागे खडूच्या रेघा होत्या माझ्या.
एक रेघ म्हणजे एक दिवस,
ज्या दिवशी आवाज चढला नाही,
रोईवर हात उगारला नाही,
मार्युनला ‘गप्प बस’ म्हटलं नाही.
चार उभ्या, पाचवी आडवी,
धक्क्यावर मासळीच्या पेट्या मोजतात तशी.

एकोणीसच्या पुढे मी कधी गेलो नाही.

विसाव्या दिवशी काहीतरी व्हायचंच:
दोरखंडाला गाठ बसायची,
मेंढी कड्यावर अडून राहायची,
रोई दूध सांडायचा, नऊ वर्षांचं पोर,
आणि माझ्या घशातून माझा बाप बोलायचा.
मग ओल्या फडक्यानं दार पुसायचं.
पहिले पाढे पंचावन्न.

कष्टाला मी भ्यालो नाही.
जानेवारीच्या समुद्रात गळ्याइतका उभा राहिलो,
उपास केले,
जीभ रक्त येईतो चावली.
रविवारी, सभेत, भाकर मोडताना
सगळ्यांत मोठं आमेन माझंच.
लोक म्हणत, हानुस निवळला.
मार्युन ताटल्या धुवायची, काही म्हणायची नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात अकरा मेंढ्या कापल्या,
सुकवणीच्या खोपटीत टांगल्या.
आम्हा फॅरोच्या लोकांची खोपटी म्हणजे
नुसत्या उभ्या फळ्या,
आणि दोन फळ्यांमध्ये बोटभर फट.
मीठ नाही. धूर नाही.
टांगायचं, दार लोटायचं, निघून यायचं.
बाकीचं समुद्रावरून येतं.

पण धुकं हटेना, पाऊस आडवा,
मला धीर धरवेना.
फटींवर पट्ट्या ठोकल्या, एकूण एक.
आत शेगडी ठेवली, रात्र रात्र निखारे फुलवले,
पुठ्ठ्यानं वारा घातला मांसाला.
हो, पुठ्ठ्यानं.
इथे! जिथे वारा माणसाला रस्त्यावरून उचलतो!

नाताळाच्या आधी दार उघडलं
तर वासानं कुत्रं मागे सरलं.

खड्डा खणायला रोई आला होता.
त्याच्या उंचीएवढं फावडं धरून म्हणाला,
‘बाबा, वाऱ्याला आत का नाही येऊ दिलं?’
टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

माझा हात वर गेला.
मी तो पाहिला, वर गेलेला,
आणि खाली रोई,
डोळे घट्ट मिटून उभा, खांदे कानांपर्यंत.
सवयीनं.

एकोणीस एकोणीस दिवसांच्या त्या सगळ्या रेघा,
आणि पोराला सवय ही.

हात खाली आला तो चिखलात.
दोन्ही हात. मग गुडघे.
हात टेकले म्हणतात ना,
ते मी नुसतं म्हणत आलो होतो, टेकले नव्हते.

शपथ घेतली नाही. शपथा संपल्या होत्या.
देवा, माझ्याच्यानं होत नाही, म्हणालो.
आजच नाही, कधीच होत नव्हतं.
तुझा पुत्र या चिखलापर्यंत आला असेल तर
इथून पुढचं त्यानं करावं.
आमेन म्हणायचं राहून गेलं.

संध्याकाळी पट्ट्या उखडल्या.
खिळे वाकडे निघत होते, रोई डबा धरून होता.
रात्री फळ्यांतून शीळ येऊ लागली
आणि मी झोपलो. वारा जागा होता.

मी बदललो का, ते मार्युनला विचारा.
फेब्रुवारीत एकदा दार आपटलं, चौकट हलली.
पण मग परत आत गेलो
आणि पोरापुढे बसून म्हणालो, चुकलो.
हा शब्द माझ्या कुठल्याच रेघेत बसला नव्हता.
आणला कुणी, मला माहीत आहे.
मी फक्त वाटेतून बाजूला झालो,
आणि तेही, खरं सांगू, त्यानंच केलं.

खडू रोईनं नेला. दारामागे आता एक होडी आहे,
शिडापेक्षा मासा मोठा.

परवा त्याच्या हातून दूध सांडलं.
टेबलावरून खाली, माझ्या मोज्यांवर.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
डोळे उघडे होते.